आवाज कुणाचा, टाळी कुणाची

संशयी : मिमिक्रीला कला म्हणायला माझी हरकत नाही. तिला मोठी कला म्हणायला आहे. ऑर्केस्ट्राच्या जमान्यात मिमिक्रीवाल्याची जागा कुठे होती ते आठवा. गायिका साडी बदलून येईपर्यंत, वादकांचा चहा होईपर्यंत त्याच्या हातात माईक. राजकुमार, देव आनंद, शत्रुघ्न सिन्हा, अमजद खान, शेवटी अमिताभ. टाळ्या पडल्या नाहीतर रेल्वेचं इंजिन आणि कुत्र्यांचं भांडण. मग पुढचं गाणं. ही जागा त्याला कुणी आकसानं दिली नव्हती. ओळख पटल्याचा आनंद, एवढंच तो देत होता. आनंद खरा, पण त्यात त्याचं स्वतःचं काय? वाक्य सिनेमाच्या लेखकाचं, लकब नटाची, आठवण प्रेक्षकाची. दुसऱ्याचं गाणं म्हणणाऱ्याचा निदान गळा तरी स्वतःचा असतो.

रसिक : गळा नकलाकाराचाही स्वतःचाच असतो, आणि त्याची खरी अडचण तीच आहे. स्वरयंत्राची ठेवण, जबडा, टाळूची कमान हे सगळं जन्माचं. ते बदलून मिळत नाही. तरी बारीक अंगाचा, पातळ आवाजाचा पोरगा अमिताभ उभा करतो. कसा? आवाजाच्या पोतापाशी तो फार रेंगाळत नाही, कारण तिथे तो हरणारच असतो. तो वेग उचलतो, हेल उचलतो, वजन कुठल्या शब्दावर पडतं ते उचलतो, श्वास कुठे घेतला जातो ते हेरतो. एवढं बिनचूक जमलं की उरलेला आवाज ऐकणाऱ्याचा कान पदरचा घालतो. वाजपेयी करायचे असतील तर आधी गप्प राहायला शिकावं लागतं. ते थांबायचे, डोळे मिटायचे, हात हवेत फिरायचा, आणि पुढचा शब्द येण्याआधीच सभा हसायची. नवशिका त्यांचे शब्द काढतो, मुरलेला त्यांचं थांबणं काढतो. त्यातून स्वतःचा आवाज माणसाला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असल्यामुळे तो बाहेर कसा पोहोचतो हे त्याला कळत नाही. म्हणून आधी टेपरेकॉर्डर आणि आता मोबाइल समोर ठेवून एकेक वाक्य घासावं लागतं. घोगरे आवाज चुकीच्या जागेवरून काढले की घसा कायमचा बसू शकतो, ते वेगळंच. याला तुम्ही चहाच्या वेळेतला आयटम म्हणता!

संशयी : मेहनतीबद्दल मी बोललोच नाही. मेहनत दोरीवर चालणाऱ्यालाही असते. त्या मेहनतीचं पुढे काय होतं, यावर बोलू. निळू फुल्यांचं घ्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅदरिंगला निळू फुले होतात. ओठ तिरपा, मान किंचित कलती, घोगरा लाडिक स्वर, समोर एखादी बाई, आणि सभागृह फुटतं. आता ‘सिंहासन’ आठवा, 1979 चा. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस कोण होता? हेच निळू फुले. सगळ्यांच्या भानगडी जवळून पाहणारा, फारसं न बोलणारा, शेवटी भान हरपून बसणारा. तो दिगू कुणी कधी केलाय? कुणी करणारही नाही, कारण त्याला लकब नाही. राष्ट्र सेवा दलातून आलेला, चळवळीत वावरलेला हा माणूस नकलाकारांनी एका वाड्यात डांबून ठेवला आणि किल्ली फेकून दिली. आता त्यांचा एकही सिनेमा न पाहिलेली पोरं त्यांची नक्कल करतात. नटाचं आयुष्यभराचं काम गाळून तळाशी राहिलेला गाळ आपण आठवण म्हणून जपतोय.

रसिक : तुमचं उदाहरण पक्कं आहे, पण त्यातला आरोपी दुसराच आहे. सिनेमा न पाहिलेला पोरगा निळू फुल्यांची नक्कल करत नाही, तो त्यांच्या नकलेची नक्कल करतो. आधीच्यानं काढलेल्या आवाजाचा तो छापा असतो, आणि दर छाप्यागणिक मूळ पुसट होत जातं. खरी नक्कल म्हणजे पुन्हा मूळ माणसाकडे जाऊन ऐकणं. आपण रोज ज्यांना ऐकतो त्यांना ऐकणं आपण कधीच सोडलेलं असतं. चांगला नकलाकार येतो आणि एका वाक्यात दाखवून देतो, की हा नेता उत्तर नसलं की आवाज चढवतो, ही निवेदिका दुःखाच्या बातमीलाही तोच गोडवा लावते, हा नट प्रेमाचा संवादसुद्धा भांडल्यासारखा म्हणतो. मग ते आपल्यालाही ऐकू यायला लागतं, आणि एकदा ऐकू आलं की थांबत नाही. ही समीक्षाच झाली. पानभर लिहून समीक्षकाला जे पटवावं लागतं, ते हा एका श्वासात पटवतो.

आणि स्वतःचं काय, असं विचारलंत ना? 1924 साली जन्मलेला एक मुलगा दिग्गज गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गायचा. हरकत तीच, मुरकी तीच, आवाजाचा लगावही तोच. लोक तोंडात बोट घालायचे. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. पुढे त्यांच्याइतका स्वतंत्र वाटेनं गेलेला गवई शोधून सापडत नाही. दहा जणांचे गळे आतून अनुभवल्यावर आपला गळा कुठे वेगळा पडतो हे कळतं. नक्कल हा स्वतःकडे जाण्याचाच एक रस्ता आहे.

संशयी : कुमारांचं उदाहरण तुम्ही दिलंत खरं, पण ते माझ्या पारड्यात पडतं. त्यांनी तो रस्ता मागे टाकला म्हणून ते कुमार गंधर्व झाले. मुंबईला देवधर मास्तरांकडे येऊन गाण्याच्या मुळाशी जाऊन शिकावं लागलं. ध्वनिमुद्रिकाच गात बसले असते तर आज त्यांचं नाव एखाद्या जुन्या रसिकाच्या आठवणीपुरतं उरलं असतं. अडचण अशी, की नकलाकाराला बाजार तो रस्ता सोडू देत नाही. ज्या आवाजावर पहिली टाळी मिळाली, त्याच आवाजाची सुपारी पुढची वीस वर्षं येत राहते. विनोदी नट महमूदची नक्कल करणाऱ्या नईम सय्यद या मुलाला महमूदनी आपलं नाव दिलं, तो ज्युनियर महमूद झाला. पुढे मोठा झाला, म्हातारा झाला, मराठी सिनेमेही केले, 2023 मध्ये गेला, तोवर ज्युनियरच होता.

आणखी क्रूर उदाहरण अमेरिकेतलं. व्हॉन मीडर नावाचा विनोदवीर जॉन केनेडींचा आवाज काढायचा. 1962 मध्ये त्याची ‘द फर्स्ट फॅमिली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, लाखोंनी खपली, तिला वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. 22 नोव्हेंबर 1963 ला केनेडींची हत्या झाली. ती ध्वनिमुद्रिका दुकानांतून काढून घेतली गेली आणि मीडरकडचं कामच संपलं. गोळी एकाला लागली आणि उपजीविका दुसऱ्याची गेली. स्वतःचा धंदा दुसऱ्याच्या नाडीवर चालवणाऱ्याला तुम्ही स्वतंत्र कलावंत म्हणणार?

रसिक : भाड्याच्या जागेत राहणारा माणूसही माणूसच असतो हो. परावलंबन मी नाकारत नाही. पण ही कला येते कुठून ते बघा, म्हणजे त्या परावलंबनाचा अर्थ बदलेल. जॉन प्रकाश राव जनुमाला हा तेलुगू घरातला, धारावीत वाढलेला मुलगा हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामगार होता. कंपनीच्या एका समारंभात त्यानं वरिष्ठ साहेबांच्या नकला केल्या. कामगारांनी त्याला तिथेच नाव देऊन टाकलं, जॉनी लिव्हर. आता सांगा, त्या साहेबांपैकी कुणाला या कामगाराची नक्कल करता आली असती? शक्यच नव्हतं, कारण साहेबानं कधी त्याच्याकडे नीट पाहिलेलंच नसतं. साहेबाची चाल, त्याचा खाकरा, तो रागावण्याआधी चष्मा कसा सावरतो, हे कामगाराला माहीत असावंच लागतं. त्याची नोकरी त्यावर असते. वरच्याला बारकाईनं वाचणं ही खालच्याची गरज असते, आणि नक्कल म्हणजे त्या वाचनाचा सूड. आपला बहुरूपी, ज्याला गावाकडे रायरंद म्हणतात, कधी शिपाई बनून यायचा, कधी अंमलदार बनून. घटकाभर दरडावायचा, मग हसून पैसे घ्यायचा. ज्या हुद्द्याला गाव एरवी घाबरायचं, तो हुद्दा म्हणजे फेटा आणि दरडावणं एवढाच असतो, हे गावाला त्यातून कळायचं. केरळातल्या चाक्यारकूत्तूत मंचावरचा चाक्यार राजालाही टोमणा मारू शकायचा आणि राजानं तो ऐकून घ्यायचा, असा रिवाज होता. त्याच केरळात 1981 मध्ये कोचीच्या कलाभवननं ‘मिमिक्स परेड’ सुरू केली. सहा जण एकत्र मंचावर, अख्खा कार्यक्रम नकलांचाच, मधलं गाणंबिणं काही नाही. त्या वर्तुळातून सिद्दिक-लाल हे दिग्दर्शक आले, जयराम आला, कलाभवन मणी आला. तुमचा चहाच्या वेळेतला आयटम तिथे अख्ख्या सिनेसृष्टीची शाळा झाला.

संशयी : वरच्याची नक्कल खालच्यानं करावी, हे मला मान्य. पण माईक हातात आला की तोच माणूस दिशा बदलतो. अण्णा, भय्या, शेठ, नेपाळी वॉचमन, घरकामाची बाई, तोतरा, बहिरा. यांच्यापैकी कुणाचा खाकरा अभ्यासलेला असतो? कुणाचाच नाही. एक ठरीव हेल, दोन चुकीचे उच्चार, झालं माणूस तयार. टीव्हीवर पुरुष साडी नेसून येतो, यातच निम्मा विनोद संपतो.

आणि वरच्याच्या नकलेतही बघा. शरद पवारांची नक्कल घ्या. कित्येक जण तोंडातल्या तोंडात बोलतात आणि टाळी घेतात. 2004 मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्याचा त्यांच्या उच्चारांवर परिणाम झाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मग आपण नेमकं कशाला हसतो? राजकारणाला की शस्त्रक्रियेला? देशातल्या एका बलाढ्य नेत्याचा आवाज काढला, म्हणून ही नक्कल ‘वरच्याची’ ठरते. पण जिथे बोट ठेवलं ती जागा मात्र आजाराची.

रसिक : साडीचं आधी सांगतो. बालगंधर्वही साडीच नेसत होते, आणि बायका त्यांच्यावरून नेसणं आणि दागिन्यांची आवड घेत होत्या. नेसण्यात तुच्छता नसते, बघण्यात असते. ठरीव अण्णा आणि ठरीव भय्या यांची बाजू मी घेणार नाही. पण त्याला उतारा नकलेतच आहे. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे बावन्न पात्रं उभी करायचे. त्यातला एकही माणूस प्रसिद्ध नाही. मूळ माणूस प्रेक्षकानं कधी पाहिलेला नाही, तरी ओळख पटते, कारण त्यांनी मराठवाड्यातलं माणूस ऐकलं होतं, त्याच्या बोलीची टर उडवली नव्हती. ‘बटाट्याची चाळ’ पु.ल. एकटे करायचे, तेव्हाही हेच. आणि त्या दोघांना कुणाच्या नाडीवर अवलंबून राहावं लागलं नाही. तुमच्या मीडरला हे उत्तर आहे.

पवारांच्या बाबतीत मात्र तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. तिथे दोन नकला शक्य आहेत. एक तोंडाची. दुसरी विचाराची : प्रश्न पूर्ण ऐकून घेणं, चेहऱ्यावरची रेघ न हलवणं, आणि असं उत्तर देणं की हो म्हणणाऱ्याला हो वाटावं, नाही म्हणणाऱ्याला नाही. पहिली नक्कल आजाराला हसते, दुसरी पन्नास वर्षांच्या राजकारणाचं भाष्य आहे. दुसरी करणाऱ्याला उच्चाराला हातही लावावा लागत नाही.

संशयी : आणि विसाव्या रांगेतल्या माणसाला या दोन नकलांतला फरक कळतो? हशा दोन्हीला तोच.

रसिक : कधी कळतो, कधी नाही. पण सत्तेला मात्र फरक पडतो, ही गंमत बघा. 2016 मध्ये गुरमीत राम रहीमची नक्कल केली म्हणून किकू शारदाला अटक झाली, जामीन घ्यावा लागला. 2017 मध्ये श्याम रंगीलानं टीव्हीच्या स्पर्धेत नरेंद्र मोदींचा आवाज काढला. तो भाग दाखवलाच गेला नाही, बाहेर फुटला तेव्हा देशानं पाहिला. ही जर पोरकट करमणूक असेल तर तिला इतकं कोण घाबरतंय? भाषणाला उत्तर देता येतं, लेखाचा खुलासा करता येतो. नकलेचा खुलासा कसा करणार? तुम्ही तोंड उघडलंत की नक्कल पुन्हा सुरू!

संशयी : म्हणूनच ते शस्त्र राजकारण्यांनी स्वतःच उचललंय. राज ठाकरेंच्या सभेला लोक नकलांसाठीही जातात आणि त्या उत्तमही असतात, मी हसलेलो आहे. पण प्रतिस्पर्ध्याचा आवाज हुबेहूब काढला की त्याच्या मुद्द्याला उत्तर दिल्यासारखं वाटतं, आणि दिलेलं नसतं. डिसेंबर 2023 मध्ये खासदार कल्याण बॅनर्जींनी संसदेच्या पायऱ्यांवर उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांची नक्कल केली. शंभराहून जास्त खासदार निलंबित झाले होते. तो विषय बाजूला पडला आणि नक्कल हा जाट समाजाचा, शेतकऱ्याचा अपमान आहे का यावर देश बोलत बसला. समीक्षा म्हणता ना? इथे तर नकलेनं मूळ प्रश्न गिळला.

पण हे सगळं लवकरच जुनं होणार. कुठलाही आवाज आता यंत्र काढतं, घसा न बसवता. जबड्याची अडचण नाही, पोतापाशी हार नाही. अरिजित सिंगला आपल्या आवाजासाठी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, कारण कुणीही त्याचा आवाज यंत्रातून काढून विकत होतं. त्याच्या आधी अमिताभ 2022 मध्ये आणि अनिल कपूर 2023 मध्ये दिल्लीच्या न्यायालयात गेले होते. तुमच्या नकलाकाराचा धंदा एका बाजूनं यंत्र खाणार, दुसऱ्या बाजूनं वकील.

रसिक : यंत्रानं उलट माझी बाजू सोपी केली. यंत्रातून आलेला अमिताभचा आवाज ऐकून तुम्ही कधी हसलात? चकित झालात, थोडे धास्तावलात, हसला नाहीत. हुबेहूबपणातच कला असती तर त्याला आधी हसू यायला हवं होतं. सुदेश भोसल्यांनी 1991 मध्ये ‘हम’साठी ‘जुम्मा चुम्मा’ गायलं, तेव्हा ते अमिताभच वाटावं असाच हेतू होता. तिथे कुणी हसलं नाही, कारण तिथे अंतर ठेवायचंच नव्हतं. तेच भोसले मंचावर उभे राहून अमिताभ करतात तेव्हा आपण हसतो, कारण डोळ्यांना भोसले दिसतात आणि कानांना अमिताभ ऐकू येतात. तो माणूस आणि हा माणूस यांच्यामधली फट, हशा तिथून येतो. नकलाकाराची मालकी फक्त त्या फटीवर असते, आणि यंत्राकडे ती नाही, कारण यंत्राला स्वतःचं कुणीच नसतं. कायद्यालाही ते अंधूक दिसलंय : अनिल कपूरच्या प्रकरणात न्यायालयानं नाव, आवाज, चेहरा विकण्याला बंदी केली, पण व्यंग, विडंबन, टीका यांना जागा आहे असंही म्हटलं.

संशयी : हे मात्र मला नवं आहे आणि पटतंही. पण पुढची पायरी चढा. कला त्या फटीत राहते म्हणता, तर तुच्छताही तिथेच राहते. ‘मी तो नाही’ हे दाखवल्याशिवाय हशा येत नाही. आणि ‘मी तो नाही’ याचा अर्थ ‘मी त्याला आत जाऊन पाहिलं’ असा होऊ शकतो, तसा ‘बरं झालं मी त्याच्यासारखा नाही’ असाही. देशपांड्यांची बावन्न माणसं आणि ठरीव अण्णा या दोघांचा पत्ता एकच. कुठलं न्यायालय ते वेगळं करणार?

रसिक : न्यायालय करू शकणार नाही. माझ्याकडे एक कच्ची कसोटी आहे. नक्कल संपल्यावर त्या माणसाबद्दल आधी ठाऊक नव्हतं असं काही कळलं का? कळलं तर आत जाऊन पाहिलेलं होतं. नुसतंच ‘हो, अगदी तस्संच’ एवढं वाटलं तर ओळखपरेड होती.

संशयी : कसोटी चांगली आहे, फक्त मानधन तिच्यावर ठरत नाही. कंपनीच्या वार्षिक समारंभात, गणपतीच्या मांडवात, रीलमध्ये, ओळख तीन सेकंदांत पटावी लागते, नाहीतर लोक मोबाइल काढतात किंवा अंगठा पुढे सरकवतात. आणि तीन सेकंदांत तिरपा ओठ दाखवता येतो, दिगू टिपणीस नाही.

रसिक : तिरपा ओठ मी त्याला माफ करतो. तेवढ्यानं सभागृह हातात येतं. चौथ्या सेकंदापासून काय करायचं हे त्याच्यावर असतं, आणि तिथून पुढे मी त्याला कलावंत म्हणतो किंवा म्हणत नाही.

संशयी : मीही तिथेच बघतो. बहुतेक सगळे चौथ्या सेकंदाला पुढच्या माणसाचा आवाज काढतात.